११ जुलै २००६ : त्या संध्याकाळी मी कुठे होतो?

आपल्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आहे. लेख लिहिण्याचे नाही. ओव्हरहेड वायरच्या माणसाने लेखणी हातात घ्यावी असा प्रसंग सहसा येत नाही. पण २०२५ च्या उत्सवात तिसऱ्या की चौथ्या दिवशी (लिहून ठेवले नाही, म्हणून नक्की सांगत नाही) रात्रीच्या आरतीनंतर मंडपात जो वाद झाला, त्यात मी सर्वांदेखत तोंडघशी पडलो. तेव्हापासून संपादक मंडळाने ‘हे लिहून द्या’ असा लकडा लावला आहे. म्हणून हा खटाटोप.

वाद होता मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोट खटल्याचा. त्याआधी महिनाभर, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले होते. २०१५ मध्ये विशेष मकोका न्यायालयाने त्यांतील पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. आपल्या मंडपात निम्मे लोक रेल्वेचे, आणि रतलामच्या मराठी घरांत असे घर विरळा की ज्याचे कोणी ना कोणी बोरिवली-विरार लाइनवर राहत नाही. साहजिकच आवाज चढले. उच्च न्यायालयाने टॅक्सीचालक वगैरे साक्षीदारांच्या ओळखीवर विश्वास ठेवला नाही. शंभराहून अधिक दिवस उलटल्यावर, काही खास कारण नसताना, एखाद्या प्रवाशाचा चेहरा लक्षात राहील हे न्यायालयाला पटले नाही. मंडपात हे कोणालाच पटेना. आमचे एक सहकारी तावातावाने म्हणाले, “असल्या दिवशी पाहिलेला चेहरा माणूस विसरतो काय?”

मीही त्यांच्याच बाजूचा. मी म्हणालो, “चेहरा सोडा, मी त्या संध्याकाळी कुठे उभा होतो ते आज डोळे मिटून सांगतो.” आणि सांगितलेही. ही गोष्ट मी जवळजवळ वीस वर्षे सांगत आलो आहे. घरी, ट्रेनिंग स्कूलमध्ये, लग्नाच्या पंगतीत. मी तेव्हा मेघनगरला जेई होतो, नोकरीला जेमतेम दोन वर्षे झालेली. बामनियाच्या पुढे इन्सुलेटर फुटला होता. अंधारात टॉवर वॅगनच्या प्लॅटफॉर्मवर मी उभा, खाली लाइनमनने रुळाकडेच्या सॉकेटला इमर्जन्सी फोन जोडलेला. त्या फोनवर टीपीसी, म्हणजे आमचा ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर, म्हणाला की मुंबईत मोठी गडबड झाली आहे. माझे हात थांबले. काम उरकून स्टेशनवर आलो आणि भाईंदरच्या दादाला फोन लावत बसलो. शेवटी एकदाचा लागला. दादा वांद्रे स्टेशनबाहेर गर्दीत उभा होता, सुखरूप.

गोष्ट संपली. नेहमीप्रमाणे दोन क्षण कोणी बोलले नाही. तेवढ्यात कोपऱ्यात प्रसादाचा द्रोण घेऊन बसलेला आमचा त्या वेळचा लाइनमन (आता निवृत्त आहे, दरवर्षी आरतीला येतो) अगदी नम्रपणे म्हणाला, “साहब, उस रात तो मैंने मफलर बाँध रखा था. आपने ही डाँटा था, मफलर उतार के ऊपर चढ़. जुलाई में मफलर कौन बाँधता है?”

मंडपात हशा पिकला. मीही हसलो. पण घरी जाताना हसू गेले होते. कारण मफलरवरून मी त्याला रागावलो होतो हे मलाही स्वच्छ आठवत होते. आणि दुसरी गोष्ट, जी वीस वर्षांत मला सुचली नव्हती, ती त्या रात्री पांघरुणात सुचली. स्फोट झाले संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. जुलैत आपल्याकडे सव्वासातपर्यंत उजेड असतो. मग माझ्या गोष्टीत अंधार कुठून आला?

पुढे जाण्याआधी त्या दिवसाबद्दल थोडे लिहितो, कारण मंडळात आज ढोल वाजवणारी मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. ११ जुलै २००६, मंगळवार. त्याच दिवशी श्रीनगरमध्ये पर्यटकांवर ग्रेनेडहल्ले झाले होते. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी पश्चिम रेल्वेवर पहिला स्फोट झाला आणि ६ वाजून ३५ मिनिटांनी सातवा. अकरा मिनिटांत सात. खार ते सांताक्रूझ, वांद्रे ते खार, जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड ते भाईंदर, माटुंगा रोड ते माहीम, बोरिवली. साऱ्या गाड्या चर्चगेटहून उपनगरांकडे निघालेल्या, ऐन गर्दीच्या, आणि प्रत्येक वेळी फर्स्ट क्लासचा डबा. डब्यांचे पत्रे कागदासारखे फाटले होते. न्यायालयाच्या नोंदींत मृतांची संख्या १८९ आहे, जखमी आठशेहून अधिक. एक प्रवासी नऊ वर्षे अंथरुणाला खिळून २०१५ च्या जुलैमध्ये गेला.

सरकारी यंत्रणा पोहोचण्याआधी रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले. त्या चादरींचे स्ट्रेचर झाले. आमच्या खात्याच्या माणसाला यातले एक वेगळेच दिसते. तेव्हा चर्चगेट-विरार लाइनवर १५०० व्होल्ट डीसी होते, २५ केव्ही एसीचे काम २०१२ मध्ये पुरे झाले. तुटकी वायर, फाटलेले छप्पर, आणि त्याखाली अनवाणी धावणारी माणसे. वायरमध्ये वीज आहे की नाही हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असणार? विचारायला कोणी थांबलेही नसेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रुळांवरून लोकल धावत होत्या. मुंबईकरांच्या धीराबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. रात्रभर रूळ मोकळे करून वायर उभी करणाऱ्या गँगबद्दल मला तरी फारसे वाचायला मिळाले नाही. असो, तो आपला घरचा विषय आहे.

आता डायरी. रेल्वेतल्या मंडळींना सांगायला नको की जानेवारीत युनियनची खिशातली डायरी मिळते आणि आपण तिच्यात रोज कुठे गेलो, कधी पोहोचलो, ब्लॉक किती ते किती, हे टिपतो. महिनाअखेरीस टीए जर्नल भरायचे असते ना! (टीए जर्नलच्या सत्यतेबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पण मी जर्नलबद्दल नाही, डायरीबद्दल लिहितो आहे.) सौ. दर दिवाळीत ‘ही रद्दी काढा’ म्हणते आणि मी दर दिवाळीत ती माळ्यावर परत ठेवतो. त्या रात्री एक वाजता स्टूल घेऊन माळ्यावरून २००६ ची डायरी काढली.

‘१० सो. – रात्री ११.३० कॉल, ब्रेकडाउन. ११ मं. – ब्लॉक ३.१० ते ६.०५. नंतर फूट पेट्रोलिंग. सायं. ५.०० खोलीवर. झोप.’

झोप. एवढेच. पुढच्या ओळी अशा :

‘१२ बु. – सकाळी चहाच्या टपरीवर कळले, मुंबई लोकल. दादाला फोन, लागत नाही. ९.२० दादाचाच फोन. ठीक.’

अक्षर माझेच, शाई त्याच निळ्या पेनाची. देशभरचे लोक टीव्हीपुढे बसले होते, मुंबईतले फोन ठप्प झाले होते, हजारो घरांतली माणसे दारात उभी होती. त्या सगळ्या वेळात मी चोवीस तासांच्या जागरणानंतर मेघनगरच्या खोलीत गाढ झोपलो होतो. दादाला रात्रभर फोन लावणारा धाकटा भाऊ त्या रात्री नव्हताच. फोन सकाळी आला, तोही त्याचा. बहुधा ‘हा अजून कसा विचारत नाही’ असे वाटूनच त्याने केला असावा.

मग टॉवर वॅगन, अंधार, मफलर? तेही सापडले. २००८ च्या डायरीत.

‘२६ नोव्हें. बु. – बामनियाच्या पुढे इन्सुलेटर. ब्लॉक रात्री ९.५० पासून. १०.३० टीपीसी : मुंबई सीएसटीवर गोळीबार. स्टेशनवर येऊन दादाला फोन. १२.१५ लागला. घरी आहे.’

म्हणजे मी खोटे बोलत नव्हतो. ती रात्र घडली होती, फोनही मीच लावले होते. फक्त सव्वादोन वर्षांनंतर. सीएसटीवर त्या रात्री ५८ माणसे मारली गेली. उद्घोषक विष्णु झेंडे यांनी केबिनमधून माइकवर लोकांना बाहेर पडायला सांगितले नसते तर हा आकडा कुठे गेला असता, याची चर्चा आम्ही रेल्वेवाल्यांनी कितीदा केली आहे. पण त्या हल्ल्याची आठवण म्हणून माझ्या मनात नंतरच्या दिवसांतला टीव्हीच शिल्लक राहिला, ताजच्या घुमटातून निघणारा धूर. माझी स्वतःची थंडीतली रात्र तिथून निसटून मोकळी झाली आणि २००६ मध्ये जी जागा रिकामी होती, जिथे नुसते ‘झोप’ लिहिले होते, तिथे जाऊन बसली. तिथे ती शोभलीही चांगली. वीस वर्षे कोणाला संशय आला नाही, मला तर नाहीच.

हे माझ्याच डोक्याचे काही बिघडले आहे का, म्हणून थोडे वाचन केले. आपला पुतण्या मानसशास्त्र शिकतो, त्याने दिशा दाखवली. १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक या दोन अमेरिकन संशोधकांनी अशा आठवणींना कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे नाव दिले. अध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, हातात काय होते, हे लोक फोटो पाहून सांगावे तसे सांगत. पण तो फोटो खरा की नाही हे तपासायला मूळ नोंद लागते. ती नायसर नावाच्या प्राध्यापकाने केली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान आकाशात फुटले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते कागदावर लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी, निकोल हार्श या सहकारी संशोधिकेबरोबर, त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अकरा जणांचे सर्व काही चुकले. सारे बरोबर आले फक्त तिघांचे. आणि चुकलेल्यांनाही आपल्या आठवणीबद्दल पक्की खात्री होती. त्यांचेच हस्ताक्षर त्यांना दाखवले तरी जुनी आठवण परत आली नाही.

पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठात तालारिको आणि रुबिन यांनी दुसऱ्याच दिवशी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या, एक हल्ल्याची आणि एक साध्या रोजच्या प्रसंगाची. काळ गेला तशा दोन्ही सारख्याच ढळल्या. फरक एवढाच की साध्या प्रसंगाबद्दलची खात्री कमी होत गेली, हल्ल्याबद्दलची झाली नाही.

मला वाटते रेल्वेने हे विद्यापीठांच्या पुष्कळ आधी ओळखले होते. वायरवर चढण्याआधी आपण काय करतो? टीपीसीकडून ब्लॉकचा मेसेज नंबर घ्यायचा, वेळ लिहायची, दोन्ही टोकांच्या रजिस्टरवर नोंद, मग दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग, आणि मग परमिट. “लाइन बंद केल्याचे मला आठवते” म्हणून कोणी चढू देत नाही, आणि देऊही नये. स्टेशन मास्तर लाइन क्लिअर देताना प्रायव्हेट नंबर बोलतो, तोही लिहून. अपघात झाला की आधी रजिस्टरे ताब्यात घेतात, स्पीडचा रेकॉर्ड ताब्यात घेतात, जागेवर जॉइंट नोट करतात, आणि जबाब शक्य तितक्या लवकर घेतात. चौकशीला बसलेल्या कोणालाही विचारा. तीन दिवसांनी चार प्रामाणिक माणसे एकाच सिग्नलचे दोन रंग सांगतात. आपण त्यांना खोटारडे म्हणत नाही. रजिस्टर उघडतो.

त्या वादानंतर निकालाच्या बातम्या मी पुन्हा वाचल्या, या वेळी राग बाजूला ठेवून. साक्षीदारांनी आरोपींना ओळखले ते शंभराहून अधिक दिवसांनी. ओळखपरेड घेणाऱ्याच्या अधिकारातच न्यायालयाला दोष आढळला. कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला नीट सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. मी तर ‘प्रेशर कुकरचे बॉम्ब’ हे इतक्या वेळा ऐकले आणि सांगितले होते की तो मला रजिस्टरवरचाच शेरा वाटत असे. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायला सांगितले नाही.

मंडपातल्या माझ्या सहकाऱ्यांचा राग मला समजतो. १८९ घरांना ‘कोणी केले’ याचे उत्तर एकोणीस वर्षांनीही मिळाले नाही, ही लहान गोष्ट नाही. बारा माणसांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, त्यांतला एक २०२१ मध्ये तुरुंगवासातच वारला, हीसुद्धा लहान गोष्ट नाही. कायद्याचे बारकावे मला कळत नाहीत. पण शंभर दिवसांनी एका टॅक्सीवाल्याने मागच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा ओळखला, हे ऐकून मी आता पूर्वीसारखी मान डोलावणार नाही. त्या माणसाला मी लबाड म्हणत नाही. मीही लबाड नव्हतो.

राहिला दादा. पंधरा दिवस मी त्याला फोन करायचे टाळले. लाज वाटत होती. वहिनीशी बोलणे झाले तेव्हा हळूच विचारले, “वहिनी, २००६ ला दादा वांद्र्याला अडकला होता ना?” ती म्हणाली, “छे हो भाऊजी, लोअर परळला ऑफिसातच होते. रात्री बारा-साडेबाराला कोणाच्या तरी गाडीतून आले. वांद्र्याहून चालत आले ते आदल्या वर्षी, पुरात.” आदल्या वर्षी म्हणजे २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. दोन लागोपाठचे जुलै, दोन्ही वेळा लोकल बंद, दोन्ही वेळा घरच्यांचा जीव टांगणीला. दादाच्या डोक्यातही ब्लॉक सेक्शन एकमेकांत मिसळले होते तर!

शेवटी एका रविवारी धीर करून त्यालाच फोन लावला आणि सगळे सांगून टाकले. त्या रात्री मी झोपलो होतो, तुला फोन केलाच नव्हता, इतकी वर्षे चुकीचे सांगत आलो, माफ कर.

पलीकडे दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “काहीतरी काय बोलतोस? तुझा फोन आला होता की. मी वांद्रे स्टेशनच्या बाहेर उभा होतो. मागे बसचा हॉर्न वाजत होता, तुझा आवाजसुद्धा नीट येत नव्हता. मला चांगलं आठवतंय.”

मी डायरीच्या पानाचा फोटो काढून त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आले : “तारीख टाकताना चुकला असशील.”